वजाबाकी कशातून करायची?

२०२१ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे जाहीर झाले. त्यातल्या एका आकड्याने मोठी खळबळ उडवली. हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया! भारतात पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा बायका जास्त झाल्या, अशा बातम्या झळकल्या. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९४३ होतं. मग कुणीतरी पाटीवर मांडावं तसं गणित मांडलं. १०२० वजा ९४३, बाकी ७७. दहा वर्षांत हजारामागे ७७ बायका वाढल्या! आमच्या तालुक्याच्या बैठकीत एक अधिकारी हसत हसत म्हणाले, "ताई, आता तुमचं मुली वाचवायचं काम संपत आलं." चेष्टाच होती ती. पण चेष्टेमागे एक वजाबाकी होती, आणि ती चुकीची होती.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीने आकड्यांवर फार भिस्त ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. १९८० च्या दशकात गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत आंदोलन उभं राहिलं, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, त्यामागे बायकांचे अनुभव होते तसे आकडेही होते. आकडा नसता तर "असं काही होतच नाही" म्हणून आपल्याला घरी पाठवलं असतं. पण आकडा एकटा काही बोलत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले, एकातून दुसरा वजा केला, की जो फरक उरतो तो बोलतो. तो कोणाविरुद्ध बोलेल, हे आपण वजाबाकी कशातून केली त्यावर ठरतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धतीचा पेपर होता. तो आम्ही बहुतेकजणी पास होण्यापुरता वाचायचो. गावात काम सुरू केल्यावर त्या पेपराची किंमत कळली.

आधी त्या १०२० चं बघू. जनगणना म्हणजे प्रत्येक माणसाची मोजणी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे निवडलेल्या घरांची पाहणी. पाचव्या फेरीत सुमारे सहा लाख सदतीस हजार घरं होती. नमुना म्हणून ती संख्या मोठी आहे, प्रश्न संख्येचा नाहीच. प्रश्न आहे तो घर या शब्दाचा. सर्वेक्षणवाल्या बाई घरी जातात आणि आदल्या रात्री त्या घरात कोण कोण झोपलं होतं त्यांची नोंद करून हे प्रमाण काढलं जातं. आता विचार करा, घरात न झोपणारी माणसं कोण? लष्कराच्या बराकीतली, तुरुंगातली, वसतिगृहातली, बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारी, फूटपाथवरची. त्यांत पुरुष जास्त. म्हणून या सर्वेक्षणात बायकांचं प्रमाण जनगणनेपेक्षा नेहमीच वर दिसत आलं आहे. २००५-०६ च्या फेरीत ते १००० होतं, २०१५-१६ च्या फेरीत ९९१. त्याच्या जवळपासच्या जनगणनांत, म्हणजे २००१ आणि २०११ साली, ते होतं ९३३ आणि ९४३. तेव्हा १०२० शेजारी ठेवायचा असेल तर ९९१ ठेवा, १००० ठेवा. ९४३ ठेवला की आपण दोन वेगळ्या मापांनी दूध मोजतो आहोत.

आणि गंमत अशी, की याच सर्वेक्षणात चार ओळी खाली दुसरा आकडा होता. आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली ९२९. तो मथळ्यात आला नाही.

एकूण लोकसंख्येतलं स्त्री-पुरुष प्रमाण आणि लहान मुलांमधलं प्रमाण या दोन गोष्टींची गल्लत तर सर्रास होते. कार्यकर्त्यांच्या पत्रकांतही होते. एकूण प्रमाणात म्हाताऱ्या आल्या, कामाला बाहेरगावी गेलेले आले, सगळेच आले. आपल्या महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. म्हणून काय रत्नागिरीत बाईला मान आणि मुंबईत तिचा जीव घेतला जातो? कोकणातले पुरुष मुंबईला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चाकरमान्यांचा हिशेब आहे तो. सहा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण काढलं तर रत्नागिरीतही ते हजाराच्या खालीच येतं.

राज्याचं घेऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राचं एकूण प्रमाण ९२२ वरून ९२९ झालं. सात अंकांनी सुधारलं. त्याच दहा वर्षांत शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये ते ९१३ वरून ८९४ वर आलं. एकोणीसने घसरलं. दोन्ही आकडे खरे. बायका जास्त जगू लागल्या, बाळंतपणातले मृत्यू कमी झाले, म्हणून पहिला आकडा वर चढला. त्याचा आनंद आहेच. पण आजी जगली म्हणून नातीचा हिशेब भरून निघत नाही. सरकारी कार्यक्रमात पहिला आकडा सांगितला जातो तेव्हा आपल्यातल्या एकीने उठून दुसरा विचारायला हवा.

त्यात पुन्हा तात्पुरते आकडे आणि अंतिम आकडे असा घोळ. २०११ साली जनगणनेचे पहिले, तात्पुरते आकडे आले तेव्हा महाराष्ट्राचं बाल लिंग-गुणोत्तर ८८३ होतं, बीडचं ८०१. नंतर सगळे तक्ते तपासून अंतिम आकडे आले. महाराष्ट्र ८९४, बीड ८०७. अजूनही कित्येक भित्तिपत्रकांवर ८८३ आहे. कुणी म्हणेल, अकराचा फरक तो काय, ८९४ तरी कुठे चांगला आहे? खरं आहे. पण पुढे कुणीतरी ८८३ ची तुलना नव्या आकड्याशी करेल आणि अकरा मुली फुकट वाढलेल्या दाखवेल. कुणाच्याही कामाशिवाय, निव्वळ छापखान्यातल्या जुन्या ब्लॉकमुळे.

आता जरा अवघड वळणावर येऊ. हजारामागे ८९४ म्हटलं की आपली मनातली वजाबाकी १००० मधून होते. बाकी १०६. मग पत्रकावर येतं, "दर हजारी १०६ मुलींची हत्या." हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. एका तालुक्याच्या कार्यशाळेत एका तरुण कार्यकर्तीने हेच वाक्य म्हटलं आणि समोर बसलेल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी अगदी शांतपणे तिला उभं आडवं घेतलं. ते म्हणाले, निसर्गतःच जगभर मुली थोड्या कमी जन्मतात, शंभर मुलींमागे साधारण एकशेपाच मुलगे. म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. तुमच्या एकशेसहातले पन्नास तर देवानेच पाठवले नव्हते. सभागृहात हशा पिकला. ती पोरगी खाली बसली ती बसलीच.

डॉक्टरांचं विधान बरोबर होतं, हेतू बरोबर नव्हता. कारण ९५० मधून ८९४ वजा केले तरी ५६ उरतात, आणि त्या छप्पन्नांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. उलट अगदी लहान वयात निसर्गाचा कल मुलगे जास्त दगावण्याकडे असतो, त्यामुळे सहा वर्षांखालच्या मुलांत मुलींचं प्रमाण साडेनऊशेहून थोडं वरच असायला हवं. म्हणजे छप्पन्न हा कमीत कमी आकडा. यात गर्भातच संपवलेल्या आहेत तशा जन्मल्यावर दूध, औषध, दवाखाना यांत मागे ठेवलेल्याही आहेत. बीडचं ८०७ घेतलं तर साडेनऊशेतून १४३ उरतात. आपला खरा आकडा इतका भयानक आहे की त्याला फुगवण्याची गरज नाही. फुगवला की समोरच्याच्या हातात टाचणी देतो आपण.

हा वाद केवळ आपल्या तालुक्यातला नाही. १९९० च्या डिसेंबरात अमर्त्य सेन यांनी लिहिलं की जगात दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'हरवल्या' आहेत. त्यांनी तुलनेला युरोप आणि उत्तर अमेरिकेतलं स्त्री-पुरुष प्रमाण घेतलं होतं. पुढल्याच वर्षी लोकसंख्याशास्त्रज्ञ ॲन्सली कोल यांनी म्हटलं की तिथे म्हाताऱ्या बायका फार, महायुद्धांत पुरुष मेलेले, ते माप आशियाला लावू नका. त्यांनी वेगळं माप लावलं आणि आकडा आला सहा कोटींच्या आसपास. दहा कोटी की सहा कोटी? चार कोटी बायकांचा फरक केवळ कशातून वजा करायचं यावरून पडला. पण दोघांपैकी कुणीही असं म्हटलं नाही की एकही हरवलेली नाही. वाद मापाचा होता, गुन्ह्याचा नव्हता. आपल्या सभांमध्ये हे वेगळं ठेवता आलं पाहिजे.

तुलना करताना दोन्ही बाजूंना सारखीच खोट असेल तर एक फायदा होतो. बीडबद्दल मला नेहमी विचारतात, तिथली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत, तेव्हा कोयते अजून कारखान्यावरच असतात, मग त्या ८०७ वर विश्वास कसा ठेवायचा? शंका चांगली आहे. पण २००१ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती आणि ऊसतोड तेव्हाही होती. तेव्हाचा आकडा ८९४. स्थलांतराची जी काही खोट असेल ती दोन्ही आकड्यांत आहे, म्हणून वजाबाकीत ती बरीचशी कटते. दहा वर्षांत ८७ अंकांची घसरण ऊसतोडीच्या माथी मारता येत नाही. त्याच काळात कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर गेलं, सांगली ८५१ वरून ८६७ वर. तिथेही समाधान मानावं असं काही नाही, पण दिशा उलटी आहे. कोल्हापूर-सांगलीचं नाव आधी बदनाम झालं, तिथे लक्ष गेलं, कारवाया झाल्या. सोनोग्राफीची मशीनं मात्र तेवढ्यात मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत पोचली होती.

मी इतकं सगळं का लिहिते आहे? आकडेमोडीचा शौक म्हणून नाही. चुकीची वजाबाकी बायकांच्या अंगावर येते म्हणून.

बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'गुड्डा-गुड्डी' फलक लागले. महिन्याला किती मुलगे जन्मले, किती मुली, ते त्यावर लिहायचं. कल्पना वाईट नाही, मुलीच्या जन्माची गावात जाहीर नोंद होते. पण फलकावर गुणोत्तर लिहायला लागले तिथे घोटाळा झाला. आमच्या कामातल्या एका गावात वर्षाला चोवीस जन्म झाले. चौदा मुलगे, दहा मुली. दहाला चौदाने भागून हजाराने गुणलं तर ७१४. बीडपेक्षाही वाईट! ग्रामसभेत ते वाचून दाखवलं गेलं. गावाची मान खाली, वगैरे भाषणं झाली.

आता बघा, त्यातलं एक मूल मुलगा न होता मुलगी झालं असतं तर अकरा आणि तेरा, म्हणजे ८४६. एका बाळाने १३२ अंक हलतात! काही गैर घडलेलं नसतानाही चोवीस जन्मांत दहा किंवा त्याहून कमी मुली होणं हे दहांतल्या तीन गावांत निव्वळ योगायोगाने होणारच. ज्या घरात ओळीने तीन मुलगे किंवा तीन मुली आहेत ती घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत; तसंच हे. पुढच्या वर्षी त्याच गावात तेरा मुली आणि अकरा मुलगे झाले तर प्रमाण ११८२ होईल आणि सरपंचांचा सत्कार होईल. सत्कारही तितकाच फुकटचा. जन्म दहा हजारांच्या घरात गेले की मग गोष्ट बदलते. तिथे ८९४ चं प्रमाण म्हणजे अपेक्षेपेक्षा सुमारे दीडशे मुली कमी, आणि योगायोगाने होणारा चढउतार साधारण शंभरच्या आतबाहेर राहतो. जिल्ह्याचा आकडा म्हणून बोलतो. गावाचा बोलत नाही.

पण त्या गावात तो आकडा बोलला. ग्रामसभेनंतर आशाताईंना सांगण्यात आलं की दोन मुली असलेल्या आणि पुन्हा दिवस गेलेल्या बायकांची यादी करा, लक्ष ठेवा. यादीत एक जण होती, तिला दोन मुली, आणि त्याच वर्षी चौथ्या महिन्यात तिचा गर्भ गेला होता. आपोआप पडलं की पाडलं, हे विचारायला आधी सिस्टर आल्या, मग पंचायतीचे सदस्य, मग शेजारच्या आळीतल्या बायका, सहज म्हणून. ती मला म्हणाली, "ताई, रक्त माझं गेलं, रजा माझी बुडाली, आणि हिशेब पण मीच द्यायचा व्हय? मशीनवाल्याला कुणी विचारलं का?" ती शेजारच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. त्या महिन्याचं मानधन कापलं गेलं होतं.

तिचा प्रश्न कायद्यातलाच आहे. १९९४ चा केंद्राचा कायदा, जो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, तो बाईवर पाळत ठेवण्यासाठी नाही. तो तंत्रज्ञानाच्या गैरवापरावर आहे. मशीन, केंद्र, डॉक्टर यांच्या नोंदींवर आहे. गर्भवती बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच न्यायालयाने गृहीत धरावं, असं त्यात म्हटलं आहे. कायदा कागदावरच राहिला म्हणून २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने सरकारांना जाब विचारला तो केंद्रांची नोंदणी आणि तपासणी यांबद्दल. २००३ साली कायदा सुधारला तोही त्याच दिशेने. आणि गावात अंमलबजावणी म्हणजे काय, तर दोन मुलींच्या आईची यादी.

यात आणखी एक नुकसान आहे आणि त्याबद्दल आपल्या गटांमध्येही मोकळेपणी बोललं जात नाही. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईचा हक्कही मान्य केला. लिंगनिदान हा गुन्हा, गर्भपात हा हक्क. पण २०११-१२ च्या आकड्यांचा गवगवा झाल्यावर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर धाडी पडल्या आणि अनेक औषध दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच सोडलं. त्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत घ्यायच्या असतात. तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतही नाही. म्हणजे ज्या बाईचा लिंगनिवडीशी काडीचा संबंध नाही, जिला तिसरं मूलच नको आहे, तिची वाट आपण बंद केली. आमच्याकडे एकीला सरकारी दवाखान्यातून "दोन मुली आहेत, तुमची केस आम्ही घेणार नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. मुली दोन असण्याची शिक्षा! तिने मग खाजगीत गळ्यातलं मोडून काम केलं, तेही तीन आठवडे उशिरा.

मग खरी तुलना कुठे आहे? माझ्या मते सगळ्यात बोलकी वजाबाकी २०११ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. घरात पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेला काय होतं, आणि पहिला मुलगा असेल तर काय होतं? पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या बाळंतपणात १९९० साली हजार मुलग्यांमागे ९०६ मुली जन्मत होत्या. २००५ साली ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण दिसलीच नाही. देश तोच, काळ तोच, दवाखाने तेच. फरक फक्त पाळण्यात आधी कोण आलं एवढाच. इथे निसर्गाचं नाव घेऊन हसायला जागा नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ही घसरण दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांमध्ये आणि सुखवस्तू घरांमध्ये जास्त होती. जिच्या नावाने आपण पथनाट्यं करतो, ती अडाणी सून, तिची अडाणी सासू, त्यांच्यापेक्षा पुढे फ्लॅटमध्ये राहणारं, हप्त्याने गाडी घेणारं कुटुंब. आपली पथनाट्यं झोपडपट्टीत होतात, सोसायटीच्या आवारात किती होतात? मी दहा वर्षांत दोन पाहिली.

याच अभ्यासाचा आधार घेऊन उद्या कुणी म्हणेल, बघा, पहिली मुलगी असलेल्या बायकांवर लक्ष ठेवायचं आमचं बरोबरच होतं. नाही. आकडा सांगतो की निवड कोणत्या घरांत होते. निवड करून कोण देतं, किती पैसे घेतं, ते सोनोग्राफी केंद्राच्या वह्यांत सापडेल, तिच्या पोटात नाही. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी 'फॉर्म एफ' भरणं बंधनकारक आहे आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जायला हवा. म्हणजे तुलना करायचीच असेल तर शेजारी ठेवायचे दोन आकडे हे. तालुक्यात गर्भवती म्हणून नाव नोंदवलेल्या बायका किती, आणि तालुक्यातल्या केंद्रांनी दाखवलेल्या सोनोग्राफी किती. एखादं केंद्र दिवसभर गजबजलेलं असतं आणि कागदावर महिन्याला बारा सोनोग्राफी दाखवतं, तेव्हा तो फरक विचारण्यासारखा असतो. या वजाबाकीत कुठल्याच बाईचं नाव लागत नाही.

जनगणना २०२१ साली व्हायला हवी होती, ती लांबली. २०२५ च्या जूनमध्ये नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. इतकी वर्षं आपण २०११ च्याच आकड्यांवर भाषणं करतो आहोत. मधल्या काळात सर्वेक्षणं आली, जन्मनोंदणीचे आकडे आले, प्रत्येकाने आपल्याला हवा तो उचलला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचं जन्माच्या वेळचं प्रमाण चौथ्या फेरीत ९२४ होतं, पाचव्या फेरीत ९१३. पुन्हा अकराचा फरक. पण हा अकरा वेगळा. इथे नमुना आहे, आणि नमुन्यात एवढा चढउतार नुसत्या निवडीनेही येऊ शकतो. त्यामुळे "पाच वर्षांत आणखी अकरा मुली गेल्या" असं पत्रकात लिहू नका. "सुधारणा झाल्याचा पुरावा नाही" असं लिहा, ते कुणी खोडू शकणार नाही. आणि नवी जनगणना आली की पहिल्या दिवशी जो आकडा हाती येईल तो तात्पुरता असेल. त्याची तुलना २०११ च्या तात्पुरत्याशी करायची, अंतिमाशी नाही. ते ८८३ तेव्हा उपयोगी पडेल, भिंतीवरून उतरवलं तरी वहीत लिहून ठेवा.

आमच्या गटाने त्या फलकाबद्दल पंचायतीला पत्र दिलं. फलक राहू दे, मुलगे किती आणि मुली किती ते लिहा, गुणोत्तर लिहू नका, आणि लिहायचंच असेल तर पाच वर्षांचे जन्म एकत्र करून लिहा. ग्रामसेवक समजूतदार निघाले, त्यांनी पाच वर्षांचं रजिस्टर काढून दिलं. एकशे एकवीस जन्म, एकसष्ट मुलगे, साठ मुली. ७१४ चं काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. यादी मात्र अजून आशाताईंच्या पिशवीत आहे, ती रद्द झाल्याचा कागद वरून आलेला नाही.

दुसरा अर्ज आम्ही माहिती अधिकारात केला आहे. तालुक्यातली नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्रं, प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांत पाठवलेल्या फॉर्म एफची संख्या, आणि त्याच बारा महिन्यांतली गर्भवतींची नोंदणी. फक्त संख्या मागितल्या आहेत, नावं नकोत असं मुद्दाम लिहिलं आहे. उत्तराला तीस दिवस असतात. आज सव्विसावा आहे.